शिवलेली फाइल

वडगावात आमच्या गल्लीत
लाइट गेली की कान मोकळे होतात,
लाइट आली की चौदा माग एकदम बोलायला लागतात
आणि तूस उडतं.
उन्हाच्या तिरपीत छान दिसतं, पाहुणे म्हणतात.
पाहुण्यांना परत जायचं असतं.

माझं असं आहे :
आधी छाती.
रात्री दोनला आत कुणीतरी जुनी पेटी उघडतं,
भाता चालतो, सूर एकच, तोही फुटका.
मी उठून बसते, उशी मांडीवर, पंप तोंडात,
दहापर्यंत मोजते,
कधी एक दोन, कधी ओंदू येरडू,
श्वास ज्या भाषेत सापडेल त्या.
दोन दिवसांनी, छाती जरा निवली म्हणेपर्यंत
डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात
इरकलीचा गोमी काठ पेटतो,
चकचकत, दातेरी, सरकत सरकत मधे येतो,
समोरच्या माणसाचं अर्धं तोंड खातो,
मग माझं अर्धं डोकं.

आई म्हणायची, अर्धशिशी ही, सूर्याबरोबर चढते.
दिवस उगवायच्या आत उंबऱ्यावर बसवून
दुधातली जिलेबी चारायची.
डोकं थांबलं नाही.
जिलेबी मात्र कायमची सुटली.
दमा तिच्या वडलांकडचा, डोकं तिचं स्वतःचं,
दोन वेगळे भाडेकरू, म्हणायची,
एकाच घरात राहतात, बोलत नाहीत.

दवाखान्यातही तसंच.
छाती खालच्या मजल्यावर, पिवळी फाइल.
डोकं वर, निळी.
जिना चढताना दम लागतो
हे लिहायला निळ्या फाइलीत जागा नाही.

(हद्दीबद्दल मी काही बोलणार नाही.
अर्धं डोकं दुखतं म्हटलं की आमच्याकडं
लोक लगेच नकाशा काढतात.
माझं डोकं नकाशा नव्हे. ते दुखतं.)

वरच्या डॉक्टरांनी तीन मिनिटांत गोळी लिहिली,
रोज एक, डोकं उठूच नये म्हणून.
झोप विचारली, पाळी विचारली,
चॉकलेट खाता का विचारलं.
छातीचं विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.
डोक्याच्या डॉक्टराला छातीचं काय सांगायचं,
उगाच रागावले तर.

खासबागेत चनबसय्याचं दुकान.
पंप दर महिन्याला त्याच्याकडूनच, उधारीवरसुद्धा.
त्यानं चिठ्ठी वाचली, पाकीट काढलं,
माझ्याकडं बघितलं,
पाकीट परत कपाटात ठेवलं.
"ई गुळगी निमग ब्याड्री, अक्का.
दमा असलेल्यानं ही घ्यायची नसती,
आतल्या नळ्या आवळत्यात.
सांगितलासा काय त्यास्नी?"
नाही ओ, म्हटलं.
मागं एक गिऱ्हाईक बामाची डबी मागत उभं,
माझ्या मुठीत सुटे पैसे तसेच, घामेजलेले.

त्या रात्री कांडीवरचं सूत घेतलं, दोन पदरी,
पिवळीवर निळी ठेवली
आणि गोणी शिवायच्या सुईनं शिवून टाकल्या.
शेवटी विणकरी गाठ.
तुटलंच तर दुसरीकडं तुटेल, गाठीत नाही.

खालची डॉक्टरीण पोरसवदा, आधी हसली,
मग हसू तसंच ठेवून वाचायला लागली.
म्हणाली, ही दोन्ही बऱ्याच जणांत
जोडीनं दिसतात,
का ते अजून कुणाला नक्की सांगता येत नाही.
मला बरं वाटलं.
न कळणं तरी एका ठिकाणी आलं.

मग जिना.
मधे एकदा थांबले, कठड्याला धरून,
खिशातला पंप चाचपला.
वरच्या डॉक्टरांनी फाइल उलटी धरली,
सुलटी केली,
सुतावरनं बोट फिरवलं.
"हे कुणी शिवलं?"

मीच की ओ.